यादीतली अकरावी

१२ ऑगस्ट १९९६

आज कॉम्प्युटर आला. तिरुचीहून टेम्पोतून, दोन गाद्यांच्या मध्ये निजवून. नागलक्ष्मीनं त्याला हळदकुंकू लावलं आणि डोक्यावर मोगऱ्याचा ओला गजरा ठेवला. मी तो काढला, आत पाणी झिरपलं तर कोण निस्तरणार? बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

अठ्ठावीस वर्षं कुंभकोणमला टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट चालवतो आहे. लोअर, हायर आणि शॉर्टहँड. यंदा लोअरला फक्त नऊ नावं आली. जो येतो तो आधी विचारतो, सार, कॉम्प्युटर आहे का? आता आहे. मला अठ्ठावन्नावं चालू आहे. शिकलो तर शिकलो, नाहीतर चौदा टाइपरायटरांबरोबर मीही भंगारात.

ही वही मराठीत लिहितो, ही पुण्यात सात वर्षं नोकरी केली तेव्हाची सवय. घरात आम्ही सगळे आमची जुनी तंजावरी मराठी बोलतो, पण नागलक्ष्मी आणि मुलगी विजी यांना अक्षरं फक्त तमिळ येतात. त्यामुळे इथं मनातलं लिहायला भीती नाही.

१९ ऑगस्ट

कंपनीनं शिकवायला शिवकामी नावाची मुलगी पाठवली आहे. वय बावीस असेल. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला शिकवताना तिला संकोच वाटतो, म्हणून फार भराभर बोलते.

माऊस म्हणजे टायपिस्टला शिक्षा आहे. हात कळांवरून उचलायचा, बाण शोधायचा, परत यायचं. पण आज तिनं कंट्रोलच्या खुणा दाखवल्या आणि मी खुर्चीत नीट बसलो. मजकूर निवडून कंट्रोल धरून सी दाबलं की नक्कल झाली. कंट्रोल व्ही दाबलं की पाहिजे तिथं उमटली, हवी तितक्या वेळा. एक्सनं उचलायचं, झेडनं झालेलं मागं घ्यायचं, एसनं जपून ठेवायचं. सगळं डाव्या हाताखाली. ज्यानं हे केलं तो टायपिस्टच असला पाहिजे.

मी एका पुठ्ठ्यावर सगळ्या खुणा लिहून भिंतीला लावल्या. शिवकामी म्हणाली की सार, इतकं लवकर कोणी शिकत नाही. खोटं बोलली असेल, पण बरं वाटलं.

५ सप्टेंबर

कॉम्प्युटरवर पहिलं खरं काम केलं, ते म्हणजे आमच्या समाजाच्या सभेची लग्नाच्या मुलींची यादी.

आमचे लोक थोडे. कुंभकोणम, तंजावर, चेन्नई, बेंगळूर, कोइमतूर असे विखुरलेले. लग्नं आपसांतच जुळवायची, म्हणून सभा वर्षातून दोनदा यादी काढते: नाव, वय, उंची, शिक्षण, गोत्र, नक्षत्र. मुलींची यादी फक्त मुलांच्या घरी जाते आणि मुलांची फक्त मुलींच्या घरी. मुलींच्या बापांनी एकमेकांच्या मुलींच्या नोंदी वाचून तुलना करू नये, हा जुना रिवाज. मुलाकडचे यादी वाचूनच ठरवतात कोणाला पत्र घालायचं. एकेका मुलीचं नशीब त्या चार ओळींत असतं. बावीस वर्षं ती यादी मीच टाइप करतो.

आधीच्या सहा नोंदी सरळ टाइप केल्या. सातवी माझी विजयलक्ष्मी. तिची झाल्यावर अक्कल सुचली. प्रत्येक वेळी तीच मांडणी कशाला टाइप करायची? विजीची नोंद निवडली, कंट्रोल सी. खाली कंट्रोल व्ही. आता फक्त नाव, वय वगैरे बदलत जायचं. आठवी, नववी, दहावी झरझर झाल्या. अकरावी माझ्या मित्राची, वेणूची धनम. तिचं नाव, वय, उंची, शिक्षण, गोत्र बदललं आणि करंट गेला. मशीनला जोडलेली बॅटरी कुई कुई करायला लागली. घाईनं कंट्रोल एस दाबलं आणि मशीन बंद केलं. करंट तासाभरानं आला, मग बारावीपासून पुढं सुरू केलं. एकोणीस मुली एका दुपारीत. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायला तीन दिवस लागायचे.

८ सप्टेंबर

वेणुगोपाळ सायकल मारत आला, खिशात चष्मा. चोळपुरम्‌च्या शाळेत मास्तर होता, गेल्या वर्षी रिटायर झाला. बावीस वर्षं आमचा नेम असा की मी स्टेन्सिल कापायची आणि मुलांची यादी असो वा मुलींची, वेणूनं मूळ पत्रं मोठ्यानं वाचायची, मी ओळीवर बोट ठेवून तपासायचं. स्वतःच्या मुलीची नोंद आली की तो मुद्दाम घसा साफ करायचा.

मी त्याला सांगितलं की आता वाचायची गरज नाही. नक्कल मशीन करतं, माणूस नाही. त्यानं बाहेर काढलेला चष्मा परत खिशात ठेवला. मग म्हणाला, "सरि, बरें, मग मी जातों." कॉफीसुद्धा न घेता गेला. जरा लागलं असेल त्याला. पण काळ बदलला त्याला मी काय करू?

१४ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यात राजगोपाल जोसियर, आमचे ज्योतिषी, घरी आले होते. नागलक्ष्मीनंच बोलावलं असणार.

विजी आश्लेषाची. आश्लेषाची सून सासूच्या जिवावर येते असं सगळे मानतात, मानत नाहीत ते म्हणतात आमची हरकत नाही पण घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. पोरगी सत्तावीस वर्षांची झाली. पाच ठिकाणांहून तिचं जातक, म्हणजे कुंडलीचा कागद, परत आलं. जोसियर हळू आवाजात म्हणाले की जन्मवेळ चाळीस मिनिटं अलीकडे घेतली तर पुष्य लागतं. किती घरांत करतात. कोणाला कळणार?

मी त्यांना उठवलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींची नक्षत्रं लिहितो, स्वतःच्या पोरीचं खोटं लिहू? ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. सभेत सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर कौतुकानं माझं नाव घेतलं. नागलक्ष्मी स्वयंपाकघरात रडली, म्हणाली, तुम्हास मान मिळाला, पोरीस काय मिळालें?

३ फेब्रुवारी १९९७

नवी यादी. जुनी फाइल उघडली, कंट्रोल ए, कंट्रोल सी, नव्या फाइलीत कंट्रोल व्ही. लग्न झालेल्या तिघींना काढलं, नव्या चौघींना शेवटी घातलं, सगळ्यांचं वय वाढवलं. पंचवीस मिनिटं. नशीब असं की पहिल्या अकरांतली एकही गेली नाही. सातवी सातवीच, अकरावी अकरावीच.

वेणूला धनमसाठी एकही पत्र नाही. मुलगी बी.कॉम., गोरी, शांत, नक्षत्र पुष्य. काही खोट नाही. वेणूनं स्वतः तीन ठिकाणी जातक पाठवलं, तिन्हीकडून एकच ओळ आली, जुळत नाही. तो मला विचारतो, काय कारण असेल? मी म्हणतो, आई नसलेली मुलगी, लोक बिचकतात.

मनातलं लिहितो. मला यातून थोडा धीर येतो. आज विजीला म्हटलंसुद्धा: बघ, धनम पुष्याची, तिलाही कोणी विचारत नाही. म्हणजे दोष नक्षत्राचा नाही, काळाचा आहे. विजी बऱ्याच दिवसांनी हसली. तेवढ्यापुरती धनमची अडचण माझ्या उपयोगी पडली, हे खरं.

२१ जून

धनम कॉम्प्युटर शिकायला येऊ लागली. घरी बसून कंटाळते, वेणू म्हणाला. पोरगी हुशार आहे. पुठ्ठ्यावरच्या खुणा दोन दिवसांत पाठ. तिला माऊस लागतच नाही, इतकी बोटं चालतात. मला मामा म्हणते. विजीनं कधी मशीनला हात लावला नाही.

४ जुलै

पोस्टात टाकायच्या यादीचा समास डावीकडे कमी पडत होता, भोकं पाडली की अक्षरं जातात. धनमला सांगितलं की एवढं नीट कर. मुलींनी मुलींची यादी बघू नये हे खरं, पण समास सरकवायला यादी कुठं वाचावी लागते?

मी समोरच्या दुकानात जाऊन आलो तर ती हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "मामा, यादींत कधीं चुकतें का?"

मी म्हटलं, बाई, स्वतःच्या पोरीचं आश्लेषा ज्यानं बदललं नाही, तो दुसऱ्यांच्या यादीत चूक ठेवील? पत्रातलं जसंच्या तसं तिथं आहे. घरात लोक जातकात काय काय करतात ते मला ठाऊक आहे, माझ्या यादीत तसलं काही चालत नाही.

 तिनं समास बरोबर केला, कंट्रोल एस दाबलं आणि गेली. जाताना चपला उलट्या घातल्या होत्या. मुलींचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं.

२२ जुलै

धनम यायची बंद झाली. डोकं दुखतं म्हणे. वेणू आज वैतागून सांगत होता की ती त्याला सारखी विचारते, माझें जातक कोण्ही लिहिलें, जन्माच्या वेळेस घड्याळ कोण्ही बघितलें? तेव्हा वेणू चोळपुरम्‌ला शाळेत होता, बाळंतपण आजोळी झालं, आणि आई तर गेली. त्याला प्रश्नाचा राग आला, तो ओरडला. बापावर संशय घेतल्यासारखं वाटलं त्याला. मी म्हटलं, वय झालं की मुली चिडचिड्या होतात.

७ सप्टेंबर

चांगली बातमी, म्हणजे होता होता राहिलेली.

तंजावरहून व्यंकटेश नावाचा मुलगा बघायला आला. बँकेत आहे. वेणूच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सुचवलेला, आमच्या यादीचा संबंध नाही. जातक जुळलं. मुलगा सरळ, आई त्याहून सरळ. बाईंना दम्याचा त्रास, जिना चढून आल्या आणि पाच मिनिटं बोलू शकल्या नाहीत. धनमनं पाणी आणलं तर तिचा हात धरून म्हणाल्या की मला मुलगी नाही, तू ये. मी समोर होतो. वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते गेल्यावर धनम म्हणाली, नको. कारण सांगेना. वेणूनं विचारलं, मी विचारलं, मुलगा आवडला नाही का? आवडला, म्हणाली. मग? नको. एवढंच. वेणूनं पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला आणि स्वतःच खाली बसला.

मला तिचा मनापासून राग आला. माझ्या पोरीला असं घर मिळालं असतं तर मी अनवाणी स्वामिमलैच्या देवळाच्या पायऱ्या चढलो असतो. देव देतो त्यालाच देतो, आणि घेणाऱ्याला कदर नाही.

१८ नोव्हेंबर

धनमचं ठरलं. तिरुनेल्वेलीचे सेतुमाधव राव, वय त्रेचाळीस, पहिली बायको वारली, दोन मुली. माणूस वाईट नाही म्हणतात, बोलत नाही फारसा. घरात वडीलधारं कोणी नाही, आईवडील दोघेही गेलेले. धनम पंचविशीची. वेणू स्थळ नाकारणारच होता, पण तिनं पत्र वाचलं, एकच विचारलं की त्यांच्या आई कधी वारल्या, आणि हो म्हणाली.

वेणू माझ्यासमोर बसून म्हणाला, "त्रिविक्रमा, मीं काय पाप केलें?" मी त्याला समजावलं की तिच्या मनात काय आहे ते तिलाच ठाऊक. मुहूर्त चार फेब्रुवारीचा.

२२ जानेवारी १९९८

कोइमतूरहून पत्र आलं. सगळं लिहितो.

मुलगा इंजिनिअर, तीस वर्षांचा. आई नाही. वडील रघूत्तम राव लिहितात की सासूच नाही तर आश्लेषाची अडचण आम्हाला नाही, उलट अशा मुलींकडे कोणी बघत नाही म्हणून आम्ही त्यांनाच आधी विचारतो. तुमच्या यादीत आश्लेषाच्या दोन मुली आहेत, क्रमांक सात आणि अकरा. अकरावी वयानं जास्त जुळते, तिच्या वडिलांचा पत्ता कळवावा. तिथं न जमल्यास सातवी.

दोन कशा? आश्लेषाची माझी एकटी विजी.

फाइल उघडली, कंट्रोल एफ, आश्लेषा. पहिली खूण सातवर थांबली. पुन्हा दाबलं, अकरावर थांबली. धनलक्ष्मी, वय पंचवीस, पाच फूट दोन, बी.कॉम., काश्यप गोत्र, आश्लेषा. वेणूचं मूळ पत्र काढलं. त्याच्या मास्तरी अक्षरात पुष्य. जुनी फाइल, तिच्यातही आश्लेषा. त्याआधीची, आश्लेषा. तीन याद्या. प्रत्येक वेळी मी ती चूक स्वतःच्या हातानं निवडली आणि पुढं चिकटवली.

करंट गेला त्या दिवशी सगळं बदललं होतं, नक्षत्र तेवढं राहिलं. माझ्या पोरीचं नक्षत्र वेणूच्या पोरीच्या नावापुढं दीड वर्ष छापून मी सगळ्या मुलांच्या घरी पाठवलं. ज्या तिघांना वेणूनं जातक पाठवलं त्यांनी पुष्य वाचलं, यादीत आश्लेषा वाचलं, आणि वेणू खोटं जातक करणारा माणूस ठरला. वेणू.

आणि मी विजीला म्हटलं होतं की दोष नक्षत्राचा नाही. नक्षत्राचाच होता. दोघींच्याही बाबतीत.

२३ जानेवारी

जेवण गेलं नाही. सांगावंच लागेल. अजून बारा दिवस आहेत. लग्नपत्रिका गेल्या आहेत, पण लग्न मोडता येतं. तंजावरचा व्यंकटेश अजून बिनलग्नाचा आहे, मी चौकशी केली. उद्या पत्र आणि यादी घेऊन वेणूकडे जातो.

नागलक्ष्मीला अजून पत्र दाखवलेलं नाही.

२४ जानेवारी

वेणू नाचियार्कोविल्‌ला समया घ्यायला गेला होता. धनम एकटी होती. परत फिरणार होतो, तिनं बसवलं. कॉफी दिली. पत्र माझ्या खिशात, यादी हातात गुंडाळलेली. तिनं यादीकडे पाहिलं आणि दाराशी बसली.

"मामा, तें मजला ठाऊक आहे," ती म्हणाली. "समास करतां मीं वाचलें. आश्लेषा."

मी काही म्हणायच्या आत ती बोलत गेली. "अप्पांनीं जातकांत पुष्य म्हणून लिहवून घेतलें असेल. आई नाहीं, पोरीस कोण घेईल म्हणून. त्यांचा राग नाहीं मजला. तुम्ही तेवढे यादींत खरें लिहिलांत. तुम्ही विजी अक्काचें बदललें नाहीं, माझें कसें बदलाल? तंजावरच्या त्या अम्मांनीं माझा हात धरला, मामा. त्यांस दमा. त्यांच्या घरीं मीं कशी जाऊं? तिरुनेल्वेलीचे हे बरे आहेत. त्यांच्या घरीं माझ्यापायीं मरायास कोण्ही नाहीं."

मग म्हणाली, "अप्पांस सांगूं नका, मजला कळलें म्हणून. त्यांस लाज वाटेल."

मी तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं की बाई, तू पुष्याची, चूक माझी. चार शब्द. मी म्हणालो, कॉफी चांगली झाली आहे.

रस्त्यानं येताना कारणं जुळवली. पत्रिका गेल्या, मंडप ठरला, वेणूची अब्रू. घरी येऊन ती कारणं लिहायला बसलो तर एकही टिकेना. खरं कारण एकच आहे. अकरावीचं लग्न ठरलं असेल तर कोइमतूरकर सातवीकडे येतील. अकरावी आश्लेषाची नाहीच असं कळवलं तर यादी खोटी, यादी खोटी तर मी खोटा, आणि खोट्याच्या घरची मुलगी कोण करील?

रघूत्तम रावांना लिहिलं: अकराव्या मुलीचा विवाह निश्चित झाला आहे. सातवी माझी कन्या. हेही खरंच आहे.

४ फेब्रुवारी

लग्न झालं. माणसं बेताची. सेतुमाधव रावांनी सगळे विधी वेळेवर केले, मधूनमधून घड्याळ पाहिलं. त्यांच्या दोन मुली एकसारख्या फ्रॉकमध्ये कोपऱ्यात बसून होत्या. निघताना वेणूनं माझे दोन्ही हात धरले, म्हणाला, इतकी वर्षं माझ्या पाठीशी उभा राहिलास. मला त्याच्याकडे बघवेना.

इन्स्टिट्यूटमध्ये येऊन तिची नोंद निवडली आणि डिलीट दाबलं. खालच्या सगळ्या एकेक जागा वर आल्या. आता नवी अकरावी कोणी दुसरी आहे.

९ एप्रिल

विजीचं ठरलं. कोइमतूर. मुहूर्त मे महिन्याच्या एकवीस तारखेला. नागलक्ष्मी दिवसभर गात होती. रघूत्तम राव म्हणाले की तुमच्या खरेपणाबद्दल ऐकलं होतं, असं घर शोधत होतो.

विजी हसते तेव्हा मला आनंद होतो. तो अगदी खरा आनंद आहे, आणि मी तो कुठं ठेवू ते कळत नाही.

२ मे

धनमचं पत्र. मराठीच, पण तमिळ अक्षरांत. दोनदा वाचलं, इथं उतरवून ठेवतो.

“मामास नमस्कार. मी सुखी आहें. मुली आधीं दूर राहत होत्या, आतां धाकटी माझ्याजवळ निजते. सासूबाईंचा फोटो आहे, त्यास मी रोज हार घालतें. त्यांस माझ्यापासून कांहीं होणार नाहीं म्हणून मनास बरें वाटतें. एक विचारायचें आहे. यांची एक काकू आहे, गंगाबाई, सत्तर वर्षांची, त्यांस कोण्ही नाहीं. यांस लहानपणीं त्यांनींच वाढविलें. त्या आम्हांकडे येऊन राहतें म्हणून दोनदां लिहितात. हेही आणूं म्हणतात. मीं कांहींतरी सांगून टाळतें. यांस वाटतें माझें मन लहान. मामा, काकूही सासूच ना? त्यांस आणलें तर चालेल का? अप्पांस विचारतां येत नाहीं. तुम्ही जें सांगाल तें करीन.”

दुपारभर पत्र समोर ठेवून बसलो. तू पुष्याची आहेस, एवढंच लिहिलं तर म्हातारी उद्या तिच्या घरी येईल आणि पोर पुन्हा कोणाच्या सावलीला भिणार नाही. पण त्यापुढचं तिला लगेच कळेल. कधी कळलं तुम्हाला, मामा, असं ती विचारेल. लग्नाआधी की नंतर? आणि वेणूला कळेल. आणि कोइमतूरला.

एकवीस तारखेला एकोणीस दिवस राहिले. पोस्टकार्ड टाकलं: चि. सौ. धनलक्ष्मीस अनेक आशीर्वाद. काकूंना तूर्त न आणणंच बरं. विजीच्या लग्नानंतर सविस्तर लिहीन.